सराटा ऊर्फ गोखरू
(नभोवाणीवरील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठीं मीं जो विषय निवडला आहे, तो सभ्य मंडळींत सहसा निघत नाहीं. पडसें झालें, डोकें दुखलें, अपचन झालें, तर तें चारचौघांत सांगण्यास कोणी लाजत नाहीं. परंतु लघवीची तक्रार उत्पन्न झाली, कीं माणूस एकदम मुका होतो. आपल्या भाषेनें या लाजेची सोय फार पूर्वींच करून ठेविली आहे. 'उन्हाळी लागली' एवढें म्हटलें, कीं ऐकणारा समजतो आणि सांगणाराहि सुटतो. मग घरांतील वडील बाई धन्याजिऱ्याचें पाणी करून देते, त्यानें उतार पडला नाहीं, तर कोणी तरी म्हणतें, "गोखरू आणा." या दोन शब्दांत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे, आणि थोडा धोकाहि आहे. त्या दोहोंविषयीं मी बोलणार आहें. मी वैद्य नव्हें व डॉक्टरहि नव्हें. वनस्पतींचा नाद असलेला एक साधा अभ्यासक आहें, हें आरंभींच सांगून ठेवितों.

गोखरू पहावयाचें असेल तर नेवाशास जावें. प्रवरेच्या कांठचें हें जुनें गांव पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे त्या जिल्ह्यांतील, एका तालुक्याचें ठाणें आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, येथें ज्ञानेश्वरी सांगून पुरी झाली, हें मराठी माणसास सांगावयास नको. त्याहूनहि फार पुरातन वस्तीच्या खुणा येथील मातींत आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत येथें उत्खनन करून त्या उजेडांत आणल्या. गांवांत मोहिनीराजाचें देऊळ आहे. समुद्रमंथनानंतर विष्णूनें मोहिनीचें रूप घेऊन देवांना अमृत वांटलें तें याच ठिकाणीं, आणि पंगतींत चोरून बसलेल्या राहूचें शिर उडालें तें जवळच्या राहुरीस, अशी तिकडील लोकांची समजूत आहे. आतां ज्या भूमीवर अमृत वांटलें गेलें, त्या भूमीवर आपोआप उगवतें काय, तर सराटा! अमृताचा एखादा थेंब सांडला असता तर अधिक बरें झालें असतें, असें अनवाणी चालणाऱ्या वारकऱ्याला वाटत असल्यास नवल नाहीं.

सराटा म्हणजेच गोखरू. शेतकरी सराटा म्हणतो, वैद्य गोखरू म्हणतो; एकाचें तें तण व दुसऱ्याचें औषध. मुळा धरणाच्या कालव्यांनीं नेवासें तालुक्याचा बराच भाग आतां ओलिताखालीं आणला आहे आणि काळ्या जमिनींत ऊंस उभा असतो. तेथें सराट्याला कोणी थारा देत नाहीं. पण कालवा जेथें पोंचला नाहीं तेथील मुरमाड माळ, बांध, पाऊलवाटा, गाडरस्त्याच्या कडा, खळ्याभोंवतालची चोपलेली जमीन, हीं त्याचीं खरीं स्थानें. पहिला पाऊस पडून आठ-पंधरा दिवस होतात न होतात तोंच तें जमिनीला बिलगून पसरूं लागतें. त्याला झुडूप म्हणणें हाहि त्याचा गौरवच होईल, कारण तें कधीं उभें रहातच नाहीं. एका मुळापासून चारी दिशांस लवदार फांद्या निघतात आणि जमिनीवर चाकासारखें एक वर्तुळ तयार होतें. पानें हरभऱ्याच्या पानासारखीं; निघंटुकारांनीं त्याला 'चणद्रुम' असेंहि एक नांव दिलें आहे तें यामुळेंच. पानें समोरासमोर जोडीनें येतात, परंतु जोडींतील एक मोठें व दुसरें लहान असतें. ही खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फुलें पिवळीं, पांच पाकळ्यांचीं, दिसावयास मोठीं गोजिरवाणीं. त्या फुलाच्या जागीं जें फळ धरतें, तें मात्र गोजिरवाणें नसतें. तें पांच कठीण खंडांचें असतें आणि प्रत्येक खंडावर दोन मोठे व दोन लहान असे कांटे असतात. वाळल्यावर खंड सुटे होतात. तो खंड जमिनीवर कसाहि पडो, एक तरी कांटा आकाशाकडे तोंड करून रहातोच. पायांत, बैलाच्या खुरांत, मेंढीच्या लोकरींत, सायकलच्या रबरी चाकांत रुतून तो प्रवास करतो. बीज पसरविण्याची याहून बिनखर्चाची युक्ति कोणती असेल?

या कांट्यानें साऱ्या जगाचें लक्ष वेधून घेतलें आहे. आपल्याकडे संस्कृतांत त्याला गोक्षुर, त्रिकंटक, श्वदंष्ट्रा, म्हणजे कुत्र्याची दाढ, अशीं नांवें पडलीं. ग्रीक लोक त्याला 'त्रिबोलोस', म्हणजे तीन टोंकांचा, असें म्हणत. लिनीयसनें १७५३ सालीं तोच शब्द घेऊन 'ट्रिब्यूलस टेरेस्ट्रिस' असें शास्त्रीय नांव दिलें. युद्धांत शत्रूच्या घोडदळाच्या वाटेवर चार टोंकांचे लोखंडी कांटे पसरीत, त्यांनाहि आपल्याकडे गोखरूच म्हणत. आणि भरजरी वस्त्राला लावावयाच्या एका कंगोरेदार किनारीलाहि तेंच नांव आहे. जो कांटा रणांगणावर, तोच पदरावर! अमेरिकेंत हें झाड बाहेरून आलें आणि तेथें त्यानें इतका उच्छाद मांडला, कीं १९६१ सालीं त्याच्या नाशासाठीं इटलींतून दोन जातींचे सोंडकिडे मुद्दाम नेऊन सोडावे लागले. एक जात बी पोखरते व दुसरी देंठ.

असो. कांट्याचें पुराण पुष्कळ झालें. आतां औषधाकडे वळूं.

मूत्राच्या विकारांत गोखरूची जी प्रतिष्ठा आहे ती आजीबाईच्या बटव्यापुरती नाहीं. चरकसंहितेंत निरनिराळ्या कार्यांसाठीं दहा-दहा औषधांचे गट सांगितले आहेत. त्यांतील मूत्र साफ आणणाऱ्या दहा औषधांत गोखरू आहे. शिवाय कोणत्या कामीं कोणतें द्रव्य श्रेष्ठ याची जी यादी त्याच ग्रंथांत येते, तींत लघवी कष्टानें होण्याच्या विकारावर व वातावर गोखरूला अग्रमान दिला आहे. सुश्रुतानें मुतखड्यावर शस्त्रक्रिया वर्णन केली, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों. परंतु शस्त्र हातीं धरण्यापूर्वीं काय करावें हेंहि त्यानें तितक्याच विस्तारानें सांगितलें आहे, तें आपण विसरतों. गोखरूच्या बियांचें चूर्ण मधांत कालवून मेंढीच्या दुधाबरोबर सात दिवस द्यावें, हा त्यांतलाच एक प्रयोग. आणि बाळंतिणीच्या काढ्यामुळें घरोघरीं ठाऊक झालेल्या दशमुळांतहि, सालवण, पिठवण, डोरली व रिंगणी यांच्या जोडीस पांचवें गोखरूच असतें. गोक्षुरादि गुग्गुळ हें शार्ङ्गधराचें औषध आजहि वैद्य देतात. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधकोशांत तर फळ आणि मूळ यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत.

आधुनिक प्रयोगशाळेनें या झाडाविषयीं काय सांगितलें? फळांत सॅपोनिन जातीचीं द्रव्यें आहेत. पोटॅशियमचे क्षारहि चांगल्या प्रमाणांत आहेत आणि लघवी वाढविण्याचा गुण कांहीं अंशीं त्यांमुळें असावा असें मानतात. मुतखडे बहुधा कॅल्शियम ऑक्झलेट नांवाच्या क्षाराचे असतात. या क्षाराचे स्फटिक कांचेच्या नळींत वाढूं दिले व त्यांत गोखरूचा अर्क घातला, तर त्यांची वाढ मंदावते. उंदरांवरील प्रयोगांतहि अनुकूल चिन्हें दिसलीं आहेत. इतकें खरें. पण नळी म्हणजे मूत्रपिंड नव्हे आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरील मोठ्या व काटेकोर प्रयोगांनीं ही गोष्ट ठाम सिद्ध झाली, असें अद्याप म्हणतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "अहो, आमच्या मामांचा खडा गोखरूच्या काढ्यानेंच पडला, तो आम्हीं डोळ्यांनीं पाहिला." मामांचा खडा पडला हें मला मान्य आहे. परंतु चार-पांच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे कोणतेंहि औषध न देतां कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पडून जातात. तेवढ्या अवधींत रोगी गोखरू घेत असेल तर यश गोखरूला मिळतें, अंगारा लावीत असेल तर अंगाऱ्याला मिळतें. शिवाय काढा म्हणजे काय? पाणीच कीं! काढा घ्यावयाचा म्हणून मनुष्य बिछान्याशेजारीं तांब्या ठेवितो आणि एरवीं दिवसांतून तीनदां पाणी पिणारा दहादां पितो. आपलीं मूत्रपिंडें अहोरात्रांत सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतून जेमतेम दीड लिटर बाहेर टाकून बाकीचा परत रक्तांत घेतात. नेवाशासारख्या कोरड्या मुलखांत चैत्र-वैशाखाच्या उन्हांत घामावाटेंच इतकें पाणी जातें, कीं लघवी थोडी, दाट व पिवळी होते. क्षारांना स्फटिक बांधावयास हेंच पाहिजे असतें. ज्याला एकदां खडा झाला आहे त्यानें दिवसाकाठीं निदान दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकें पाणी प्यावें, असें डॉक्टर सांगतात तें याकरितां. गोखरूचें श्रेय हिरावून घेण्याचा माझा हेतु नाहीं. पण तांब्याला त्याचा वांटा मिळावा एवढेंच म्हणणें आहे.

मुतखड्याची गोष्ट पुरुष मंडळी तरी वेदना असह्य झाल्यावर बोलतात. बायकांचें काय? जळजळ, वारंवार लागणें, थेंब थेंब होणें हा त्रास स्त्रियांना पुरुषांपेक्षां कितीतरी अधिक होतो आणि त्याला कारण त्यांची शरीररचना आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारें वीस सेंटिमीटर लांब असतो, तर स्त्रीचा अवघा चार. आंतड्यांत राहणाऱ्या 'ई. कोलाय' नांवाच्या जंतूंना एवढें अंतर चढून मूत्राशयांत शिरणें कठीण पडत नाहीं. वरचेवर लघवी होत राहिली तर ते धुऊन जातात; ती दाबून ठेविली तर त्यांचें फावतें. आणि दाबून ठेवणें हाच तर आमच्या बायकांचा नित्याचा क्रम! प्रवासांत स्वच्छ सोय मिळेल याची खात्री नसते, म्हणून घरून निघतांना घोटभर पाणी पिण्याचीहि त्यांना धास्ती वाटते. कचेरींत, शाळेंत, शेतांत, उंसाच्या फडांत हीच कथा. नगर जिल्ह्यांत तोडणीला येणाऱ्या बाया पहाटेपासून दुपारपर्यंत उन्हांत राबतात. तेथें आडोसा कोठला आणि पाणी तरी कोठलें? अशा बाईला संध्याकाळीं गोखरूचा काढा देणें म्हणजे गळक्या छपराखालीं भांडें मांडण्यासारखें आहे. शहरांतील सुशिक्षित घरांनींहि आपल्यापुरता विचार करावा. घरांतील सून किंवा मुलगी पाणी कमी पिते, तें तिला तहान लागत नाहीं म्हणून कीं बाहेर सोय नाहीं म्हणून, हें कधीं कोणी विचारलें आहे काय?

आतां गोखरूवर कधीं विसंबूं नये, तें स्पष्ट शब्दांत सांगतों. लघवीच्या जळजळीबरोबर हुडहुडी भरून ताप आला, कुशींत किंवा पाठींत दुखूं लागलें, वांत्या झाल्या, लघवींतून रक्त गेलें, अथवा लघवी अजीबात अडली, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठला पाहिजे. खड्यानें वाट अडलेली आणि वरच्या बाजूस जंतूंनीं पू झालेला, अशी मूत्रपिंडाची स्थिति असेल, तर तें विष कांहीं तासांत सर्व रक्तांत भिनूं शकतें. तेथें जंतुनाशक औषध व वाट मोकळी करणारा शल्यवैद्य यांवांचून गत्यंतर नाहीं. गर्भवती, मधुमेही, लहान मूल, आणि ज्याचीं मूत्रपिंडें पूर्वींच दुबळीं झालीं आहेत असा मनुष्य, यांच्या बाबतींत तर साध्या जळजळीचीहि तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडें दुबळीं असतां पोटॅशियमचा भार वाढविणारा कोणताहि पाला किंवा काढा आपल्या मनानें घेणें घातक आहे. चांगला वैद्यहि हेंच सांगेल.

'वनस्पति आहे, अपाय काय करणार?' हें वाक्य ऐकलें कीं मला दक्षिण आफ्रिकेंतील मेंढ्या आठवतात. तेथील कारू प्रांतांत रखरखीत उन्हाळ्यांत पावसाची सर येऊन गेल्यावर सराटा माजतो; तो सुकूं लागला असतां मेंढ्यांनीं खाल्ला, तर त्यांच्या यकृतावर परिणाम होतो, उन्हाचा मारा त्यांच्या कातडीला सोसवत नाहीं, तोंड व कान सुजतात आणि अंग पिवळें पडतें. पुष्कळ मेंढ्या दगावतात. तिकडच्या भाषेंत या रोगाला 'पिवळें जाड डोकें' अशा अर्थाचें नांव आहे. सुश्रुताच्या प्रयोगांत मेंढीचें दूध आणि गोखरू एकत्र येतात, हा एक चमत्कारिक योगायोग म्हणावयाचा. माणसांचेंहि उदाहरण आहे. इराणांतील एका तरुणानें मुतखडा होऊं नये म्हणून दोन दिवस रोज सुमारें दोन लिटर गोखरूचें पाणी ढोसलें. त्याला झटके आले, पायांतील शक्ति गेली, यकृत व मूत्रपिंडें दोन्ही बिघडलीं आणि रुग्णालयांत भरती व्हावें लागलें. ही हकीकत २०१० सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. वैद्य जी मात्रा देतो ती तोळ्यामाशांची. तिचा आणि या घागरभर पाण्याचा कांहीं संबंध नाहीं.

अलीकडे व्यायामशाळांतून गोखरूच्या गोळ्या बळ वाढविण्यासाठीं विकल्या जातात, त्याबद्दल एकच वाक्य पुरे. ऑस्ट्रेलियांतील रग्बी खेळाडूंना पांच आठवडे त्याचा अर्क देऊन २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे, कीं नुसती बतावणीची गोळी घेणाऱ्यांपेक्षां त्यांचें बळ अधिक वाढलें नाहीं.

परंतु सर्वांत मोठा धोका झाडांत नसून नांवांत आहे. 'गोखरू' या एका नांवाखालीं आपल्याकडे तीन निरनिराळ्या वनस्पति वावरतात. पहिली आपला सराटा, म्हणजे लहान गोखरू. दुसरी मोठें गोखरू. ही तिळाच्याच कुळांतील, मांसल पानांची. हिचें फळ चौकोनी असून चारी कोपऱ्यांवर एकेक कांटा असतो. हिची एक गंमत अशी, कीं ताजी डहाळी पाण्यांत घुसळली, तर पाण्याचा रंग फारसा न बदलतां तें अंड्याच्या बलकाभोंवतालच्या पांढऱ्यासारखें बुळबुळीत होतें. हें पाणीहि जळजळीवर देण्याचा प्रघात आहे आणि कांहीं दुकानदार एकाऐवजीं दुसरें देतात. वैद्याला हें अशास्त्र वाटेल, पण तेथें जिवावर बेतत नाहीं.

तिसरी मात्र निराळी. पडीक जमिनींत, ओढ्याच्या कांठीं, उकिरड्याजवळ कमरेइतकें उंच वाढणारें, वांग्यासारख्या रुंद खरखरीत पानांचें एक झाड आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. त्याचीं लांबट फळें आकड्यांनीं भरलेलीं असतात आणि कपड्यांना चिकटतात. मुलें तीं एकमेकांच्या केसांत टाकतात. याला कोणी शंकेश्वर म्हणतात, कोणी घागरा म्हणतात, आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यांत तेंहि सर्रास गोखरूच असतें. याचें बी आणि उगवतीं रोपें विषारी आहेत. तें विष यकृतावर घाला घालतें. जनावरें मरतातच, पण २००७ सालीं बांगला देशांतील सिल्हेट भागांत पुरानंतर अन्नाची टंचाई पडली असतां लोकांनीं हीच कोवळीं रोपें भाजी म्हणून खाल्लीं आणि त्यांत कित्येकजण दगावले. सराट्याचाहि कोवळा पाला आपल्याकडे रानभाजी म्हणून खातात. तेव्हां 'गोखरूची भाजी' किंवा 'गोखरूचें बी' असें नुसतें नांव ऐकून कोणी खेडेगांवाहून काय आणील, याचा भरंवसा काय?

म्हणून गोखरू घ्यावयाचेंच, तर नांवावर जाऊं नये, फळ हातांत घेऊन पहावें. काष्ठौषधीच्या दुकानीं मिळणारें खरें लहान गोखरू म्हणजे पिवळट-मातट रंगाचे, पाचरीच्या आकाराचे, लांकडासारखे कठीण खंड. पाठीवर खरखरीत उंचवटे आणि कांटे सरळ, टोंकदार. पांच खंड जुळवून ठेविले तर पुरें वर्तुळ होतें. फळ अखंड, लांबट बोराएवढें आणि आंकडे हुकासारखे वळलेले असतील, तर तें शंकेश्वर समजावें व दुकानदाराला परत करावें. चौकोनी, चार कांट्यांचें असेल तर तें मोठें गोखरू. दळलेलें चूर्ण घेतलें, तर हा सगळा भेद डोळ्यांआड होतो. त्यासाठीं अखंड फळेंच आणावीं, निवडावीं आणि घरीं कुटावीं. नेवाशाकडील माळावर पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या पुढें-मागें, फळें पिकून वाळतात. गोळा करणाऱ्या बाया गोणपाटाचा तुकडा जमिनीवरून फिरवितात, कांटे त्यांत आपोआप रुततात, आणि मग तो झटकून घेतला म्हणजे झालें.